भागिले १६२

सांगलीच्या पेठेत चार दुकानांची हिशेबाची कामं करत फिरणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. जीएसटीची तारीख पुढे गेली का, हा पहिला. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं आणि ते कुणालाच आवडत नाही. दुसरा जरा आवाज खाली आणून येतो. “ताई, पोराला आता दुकानात बसवायचंय. कॉम्प्युटरचा कुठला क्लास लावू?”

इथं मी चाचरते. कारण तो पोरगा शेजारीच उभा असतो आणि त्याचा अंगठा मोबाइलवर माझ्या दहा बोटांपेक्षा जोरात चालत असतो. त्याला ऑनलाइन फॉर्म भरता येतात, रेल्वेचं तिकीट काढता येतं, आईचं बँकेचं ॲपसुद्धा तोच चालवतो. त्याला येत नाही ते दुकान. आणि ते शिकवणारा क्लास अजून एसटी स्टँडसमोर निघालेला नाही.

आमच्या वेळी निवडच नव्हती. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक कोर्स आला, आणि सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागणार म्हटल्यावर तालुक्या-तालुक्यात त्याचे बोर्ड लागले. चपला बाहेर काढायच्या, पडदा सारून आत जायचं, कीबोर्डवरचं प्लास्टिकचं कव्हर घडी करून ठेवायचं. मी त्या कोर्सची थट्टा करणार नाही. माउसची भीती तिथंच गेली, आणि संध्याकाळच्या बॅचला एकटीने जायची मुभा कितीतरी मुलींना आयुष्यात पहिल्यांदा तिथंच मिळाली. पण तो कोर्स कचेरीसाठी बेतलेला वाटायचा. अर्ज लिहा, तक्ता करा, स्लाइडवर अक्षरं उडवत आणा. एक्सेल म्हणजे पाच विद्यार्थ्यांचे गुण, बेरीज आणि टक्केवारी. वर्गातल्या प्रत्येकाने ती गुणपत्रिका केली असेल. मी पुढे जिथे जिथे काम केलं तिथे कुणीही मला कुणाचे गुण मिळवायला सांगितले नाहीत.

मग टॅलीचा, म्हणजे संगणकावर दुकानाचे हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरचा, क्लास. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. रोख बँकेत भरली की एफ४ कॉन्ट्रा. हे आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलं. सोबतीला रिअल, पर्सनल, नॉमिनल हे खात्यांचे तीन नियम. परीक्षेत पैकीच्या पैकी पडायचे. दुकानात पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने जुन्या उधारीतले काही रोख दिले, काहींचा चेक दिला आणि उरलेल्या रकमेचा माल परत आणला. आता कुठलं बटण?

उत्तर दिलं दिवाणजींनी. लोखंड, सिमेंट, पाइप विकणाऱ्या त्या दुकानात ते आजोबांच्या वेळेपासून होते. रात्री कीर्द, म्हणजे दिवसाचे व्यवहार, लिहायची, सकाळी खतावणी करून ते ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायचे, महिनाअखेरीस सगळ्या खात्यांची तेरीज (जमा-नावेची बेरीज) मिळाली नाही तर जेवायला जायचं नाही, असा शिरस्ता. संगणकाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, “पोरी, काय आलं आणि काय गेलं ते तोंडाने सांग आधी. मग दाब काय दाबायचं ते.” मी तोंडाने सांगितलं. रोख आली. चेक आला. माल परत आला. गिऱ्हाइकाच्या नावे होतं ते तेवढ्याने कमी झालं. सांगता सांगताच तीन नोंदी वेगळ्या झाल्या.

पुढे त्यांना मी टॅली दाखवलं तेव्हा एकच अडचण आली. देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. टॅलीतलं खातं इंग्रजी पद्धतीचं, तिथं नेमकं उलट. मला वाटलं, उभ्या आयुष्याची सवय, आता या वयात कशी मोडणार! दिवाणजी थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले आणि म्हणाले, “आरशात बघून दाढी करतोच की रोज.” त्या दिवसापासून ते माझ्या नोंदी तपासायला लागले. बटणं मी दाबायची, चुका ते काढायचे.

त्यांना ते इतकं लवकर का उमगलं याचं मला बरेच दिवस नवल वाटत होतं. टॅलीचा जन्म कसा झाला हे कळल्यावर थोडा उलगडा झाला. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी. आपल्या धंद्याचे हिशेब ठेवील असं सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, ते लिहायला लावलं. साल १९८६. म्हणजे पेढीवर काय लागतं हे आधी ठरलं आणि प्रोग्रॅम मागाहून आला. ज्याला पेढी ठाऊक त्याला टॅली परकं वाटत नाही. आम्ही क्लासवाले मात्र उलट्या दाराने आत शिरलो होतो.

त्याच दुकानाचे मालक, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, त्यांना एक्सेल शिकायचं होतं. मुलाने आधी प्रयत्न केला होता. मुलाने गुणपत्रिकाच काढली, अण्णा दहा मिनिटांत उठून गल्ल्यावर गेले. मी त्यांना विचारलं, “सळईचं वजन तुम्ही तोंडी कसं काढता?” ते म्हणाले, “एमएमचा वर्ग, भागिले १६२.”

लोखंडाच्या धंद्यातला हा पाढाच आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ एमएमची सळई : १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम. १२ मीटरची अख्खी सळई १० किलो ६७० ग्रॅमच्या आसपास. हा १६२ कुठून आला ते अण्णांना माहीत नव्हतं. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरून गोल कापाचं क्षेत्रफळ काढलं की तो आकडा आपोआप पडतो. हे मी त्यांना कागदावर करून दाखवलं तेव्हा ते खूश झाले, पण खरं सांगायचं तर त्यांना त्याची काही गरज नव्हती. गरज मला होती. मला त्यांना पहिला फॉर्म्युला लिहून दाखवायचा होता आणि तो त्यांच्याच तोंडचा हवा होता.

पहिल्या रकान्यात व्यास, दुसऱ्यात नग, तिसऱ्यात फॉर्म्युला. ८, १०, १२, १६ एमएम लिहून खाली ओढलं, आणि चारही वजनं एका झटक्यात आली. अण्णांनी ती एकेक करून तोंडी ताडून पाहिली. मग स्वतःच म्हणाले, शेजारी एक रकाना वाढव आणि त्यात वजनकाट्याची चिठ्ठी टाक. त्याच्या शेजारी फरक. सळई येते टनाच्या भावाने आणि आमच्याकडे सुटी विकली जाते नगावर, त्यामुळे हिशेबाने आणि काट्याने येणाऱ्या वजनात जे अंतर पडतं त्यात कमाई असते किंवा तोटा. थोडा फरक पडायचाच. भारतीय मानकसुद्धा १२ एमएमच्या सळईला ५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. पण प्रत्येक गाडीचा फरक एकाखाली एक दिसायला लागल्यावर कुणाचा माल सारखा हलका येतो आणि कुणाचा भारी, ते अण्णांना कळलं. एवढी वर्षं ते त्यांना अंदाजाने ठाऊक होतं. आता भाव ठरवताना त्यांनी शीट उघडून समोर ठेवायला सुरुवात केली. हे सगळं गुणपत्रिकेत होतंच की, बेरीज-वजाबाकी-भागाकार. तरी अण्णा त्या वेळी उठून गेले होते.

खरी कसोटी लागली ती मालाची नावं भरताना. टॅलीत प्रत्येक वस्तूचं एक नाव, एक एकक, एक एचएसएन कोड (करासाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक), एक करदर असा साचा भरावा लागतो. ऐकायला सोपं. आमच्याकडे गोडाऊन सांभाळणारे मामा आहेत. एल्बो म्हणजे पाइपाला वळण देणारा जोड. गिऱ्हाईक “पाऊणचा एल्बो द्या” म्हणालं की मामा त्याच्या पायांकडे बघतात. पायाला चिखल असेल तर शेतीच्या पीव्हीसीचा देतात, नसेल तर विचारतात. आता यातलं पडद्यावर काय लिहायचं? जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपात पाऊण इंच म्हणजे २० एमएम, कारण तिथं माप आतल्या पोकळीचं. शेतीच्या पीव्हीसीत माप बाहेरच्या व्यासाचं, तिथं २० एमएम म्हणजे अर्धा इंच, आणि पाऊण म्हणजे २५ एमएम. मामांना हे कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्या बोटांना ते माहीत आहे. पण क्लास करून आलेल्या मुलाने बसून ‘एल्बो २० एमएम’ असं एकच नाव केलं आणि सगळं त्यात ओतलं. दुसऱ्याने ‘एल्बो ३/४’ केलं. तिसऱ्याने घाईत ‘एलबो पाऊण’. स्टॉकच्या यादीत एकाच वस्तूच्या तीन ओळी, एकीत भरमसाट शिल्लक आणि दुसरीत उणे. गोडाऊनमध्ये पाइपांची रास पडलेली आणि संगणक म्हणतोय माल संपून वर उणे चौदा झालाय.

यावर मामांना शेजारी बसवून यादी करण्यावाचून इलाज नव्हता. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी प्रिंट काढायची आणि ते पेन्सिलीने खुणा करायचे. आधी कशाचा, मग काय, मग माप : ‘पीव्हीसी शेती – एल्बो – २५’, ‘जीआय – एल्बो – २०’. एकक ठरवतानाही तीच गत. पाइप नगावर विकत घेतो पण कधी फुटावर तोडून देतो, तारेचं बंडल येतं किलोवर आणि जातं मीटरवर, खिळे तर मुठीने सुद्धा जातात. मामांनी सांगितलं, तोडून दिलेल्या पाइपाचा उरलेला तुकडा पुन्हा ‘पाइप’ मध्ये धरू नका, त्याला वेगळं नाव द्या, नाहीतर ३१ मार्चला मोजणी कधीच जुळणार नाही. म्हणून आमच्या टॅलीत ‘तुकडे’ नावाचा एक गट आहे. तपासायला आलेल्या सीएच्या मुलाने तो बघून हसू दाबलं होतं. मोजणी मात्र जुळते.

धंद्यासाठी संगणक शिकताना बहुतेक वेळ इथं जातो, असं माझं मत होत गेलं. दुकानातलं जे ज्ञान डोक्यात, हातात, सवयीत पडून असतं ते कधी ना कधी बोलून दाखवावं लागतं, आणि बोलायला लावलं तर लोक आधी चिडतात. “एवढं साधं काय विचारतेस?” ते साधं नसतं.

ही मेहनत किती उपयोगी पडते ते सरकार अधूनमधून दाखवून देतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेठेतल्या निम्म्या दुकानांची झोप उडाली होती. ५ टक्के कुठला, १८ कुठला, २८ कुठला! मग २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले. सिमेंट २८ वरून १८ वर आलं, ठिबकचं सामान १२ वरून ५ वर. ज्यांची नावं गटवार होती त्यांनी गटाचा दर एकदा बदलला आणि घरी जाऊन जेवले. दुसऱ्या एका दुकानात मी रात्री उशिरापर्यंत एकेक वस्तू उघडून दर बदलत होते, कारण तिथं चाळीस प्रकारचं ठिबक चाळीस ठिकाणी विखुरलेलं होतं.

जीएसटीने आणखी एक गोष्ट शिकवली, अक्षरं नीट बघायची. १५ अक्षरांचा तो नंबर. पहिले दोन अंक राज्याचे, आपले २७, कर्नाटकाचे २९; आमच्याकडे अथणी-बेळगावकडून माल येतो, तिथल्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा कर. मधली दहा अक्षरं पॅनची. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेलं, पडताळणीचं. एखादा अंक चुकला तर माल घेणाऱ्याला कराचं क्रेडिट दिसत नाही आणि तो फोन करून आपल्याला झापतो. ११ तारखेपर्यंत विकणाऱ्यांची विवरणं जातात, त्यावरून १४ ला आपल्या खरेदीचं २बी पत्रक पोर्टलवर तयार होतं, २० च्या आत कर भरायचा. मधल्या सहा दिवसांत आपलं रजिस्टर आणि ते पत्रक जुळवायचं, हे माझं दर महिन्याचं काम. व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतलं दुसरीत शोधून देणारा एक्सेलचा फॉर्म्युला, शिकल्याशिवाय ते होत नाही, आणि नुसतं व्हीलुकअप शिकूनही होत नाही. कारण त्यांनी बिल नंबर लिहिलाय ००४५ आणि आपल्याकडे टाकलाय ४५. डोळ्याला एकच, शीटला दोन. एक्सेलमध्ये तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून दिला नाही, तर पुढची शून्यं गळून जातात, आणि बारकोडचे लांब आकडे भलत्याच रूपात दिसायला लागतात. हे सांगायला मला एक मिनिट लागतं. पण कुठल्या पुरवठादाराचा मुनीम शून्यं लावतो आणि कुणाचा लावत नाही, हे लक्षात ठेवायला वर्ष जातं.

मालकांनी काय शिकावं, याबद्दल मात्र माझं म्हणणं जरा कडक आहे. एंट्री मारायला त्यांनी शिकलं नाही तरी चालेल. पण मी अशी दुकानं पाहिली आहेत, जिथं जीएसटी पोर्टलचा पासवर्ड मालकाला ठाऊक नाही, नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा आहे, आणि ओटीपी आला की त्याला फोन करून, चहापाण्याची चौकशी करून, मग मागायचा. लाखोंची उलाढाल आणि किल्ली परक्याच्या खिशात. तिजोरीची किल्ली कुणी अशी दिली असती का? पहिला धडा द्यायचाच असेल तर मी हाच देते : आपलं नाव, आपला नंबर, आपला ईमेल, आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी तिजोरीत. याला कौशल्य म्हणत नाहीत, म्हणून कुठल्याच कोर्समध्ये ते नसतं.

बॅकअपचंही तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि पेठेत शिरलं. चोपड्या भिजल्या, संगणकही भिजले. ज्यांचा पेनड्राइव्ह घरी वरच्या मजल्यावर होता ते आठवड्याभरात बिलं फाडायला लागले. बाकीच्यांनी गिऱ्हाइकांनाच विचारून उधारी पुन्हा उभी केली, आणि बऱ्याच गिऱ्हाइकांनी खरे आकडे सांगितले, हेही नोंदवून ठेवायला हवं. आता बॅकअप ऑनलाइन ड्राइव्हवर जातो. तरी अण्णा पेनड्राइव्ह खिशात ठेवतातच.

उधारीवरून आमचं वाजलं. टॅलीत येण्याचा अहवाल निघतो, ३० दिवसांच्या आतलं किती, ६० च्या आतलं किती, ९० च्या पुढचं किती. मी मोठ्या उत्साहाने तो काढून अण्णांपुढे ठेवला. ९० च्या पुढे केवढी तरी रक्कम! वसुलीला लागलं पाहिजे, असं मी म्हटलं. अण्णांनी चष्मा लावून नावं वाचली आणि कागद परत दिला. “यातला एकही बुडवणारा नाही. बुडवणारे वर आहेत, ३० च्या आतले.”

मला ते पटलं नाही. त्यांनी बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. हा कवठे पिरानचा, याचा ऊस, कारखान्याचं बिल आलं की येतो. कायद्याने ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण कायदा आणि कारखाना यांच्यात नेहमीच थोडं अंतर असतं. हा दुसरा हळदवाला, मार्च-एप्रिलात मार्केट यार्डातला सौदा झाला की पुरी रक्कम आणून देईल. हे शिक्षक आहेत, पगाराच्या आठवड्यात थोडे थोडे देतात. आणि हा वरचा ठेकेदार, दर पंधरा दिवसांनी हजार-दोन हजार टाकून खातं जिवंत ठेवतो, म्हणून तुझ्या कागदावर चांगला दिसतो.

मग आम्ही अहवाल एक्सेलमध्ये काढला आणि नावांपुढे एक रकाना घातला. त्यात अण्णांनी एकेका शब्दात भरलं : ऊस, हळद, पगार, ठेका, द्राक्ष. काही नावांपुढे त्यांनी काही लिहू दिलं नाही. ती टॅलीतही नाहीत, त्यांची लाल वही ड्रॉवरमध्येच असते आणि मुलानेसुद्धा ती उघडलेली त्यांना चालत नाही. मी विचारलं नाही. बाकी रकाना भरला. आता कुठल्या कारखान्याने बिलं खात्यावर टाकली हे कळलं, की अण्णा स्वतः फिल्टरच्या बाणावर क्लिक करतात, ‘ऊस’ निवडतात आणि फोन लावायला बसतात. गेल्या वर्षी त्यांनी ‘ऊस’ च्या शेजारी आणखी एक रकाना वाढवायला लावला. त्यात कारखान्याचं नाव येतं.